मार्चचा साठा, डिसेंबरचा साठा

देवमन मास्तर तीन वर्षं दोन देशांचे साठे मोजत होता, आणि त्याच्या स्वतःच्या अंगात आता काही साठा उरला नव्हता. दिवसभर अनसिंगच्या शाळेत फळा खरडायचा आणि मग एम.ए.चा प्रबंध: भारत आणि थायलंड यांच्या परकीय चलनाच्या साठ्यात साली-साली काय फरक पडला. विषय नागपूरच्या सरांनी सुचवला. त्यांचं काय जातं! आकड्यांसाठी एसटीत उभ्यानं हेलपाटे घालून चपला झिजल्या त्या मास्तरच्या.

पण सोडून भागणार नव्हतं. शाळेला अकरावी-बारावी जोडली जाणार होती. तिथली जागा एम.ए. झालेल्यालाच मिळायची. प्रबंध सोमवारी विद्यापीठात पोचला नाही, तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडणार. मास्तरचा पगार धाकट्या भावंडांच्या शिक्षणात जाई, म्हणून त्याची बायको अंजना याच जागेच्या आशेवर लोकांच्या वावरात राबत होती.

रविवारी दुपारी कारंज्याहून टाइप होऊन आलेली पानं तपासायला दोघं बसली. तो मोठ्यानं वाची, आणि चौथी शिकलेली अंजना त्यानं हातानं लिहिलेल्या कागदावर बोट फिरवत मिळवून पाही. सन चौऱ्याहत्तरच्या तक्त्यावर तिचं बोट अडलं.

"अवो, इथं आपल्या देशाखाली मार्च लिवलं, अन् त्यायच्या देशाखाली मागचं डिसेंबर. असं काहून?"

"ज्याचं त्याचं वर्ष तवा संपते."

"म्हणजे त्यायची कणगी पाह्यली सुगी झाल्याबरोबर, अन् आपली पेरणीच्या तोंडावर. मंग कोणाची जास्त रिकामी झाली, हे कसं समजन?"

देवमननं तो तक्ता पुन्हा नीट पाहिला. तेलाचे भाव दुपटीनं चढले ते जानेवारीत. थायलंडचा आकडा त्याआधीचा, भारताचा नंतरचा. तेलाचा मार कोणत्या देशानं जास्त खाल्ला, हा त्याचा अख्खा निष्कर्ष याच तक्त्यावर उभा होता. नवे आकडे म्हणजे पुन्हा नागपूर, पुन्हा टाइप, आणि सोमवार तर उद्यावर आला होता.

"तुले काय समजते त्यातलं?" तो खेकसला. "मी वाचतो तिकडं ध्यान दे."

अंजनानं मान खाली घातली आणि पुढचं पान घेतलं. त्याला फार वाईट वाटलं, पण चूक कबूल करायलाही अंगात जोर लागतो. दुसऱ्या दिवशी प्रबंध जसाच्या तसा नागपूरला गेला.

परीक्षकांच्या काहीच ध्यानात आलं नाही. दुसरा वर्ग मिळाला, पाठोपाठ जागाही मिळाली. शाळेत सत्कार झाला. हेडमास्तरांनी त्याच्या अभ्यासू वृत्तीचे गोडवे गायले, तेव्हा मास्तरला मान वर करवेना. घरी येऊन त्यानं हार काढून ठेवला आणि अंजनासमोर मटकन बसला.

"त्या दिवशी तुयं बरोबर होतं. चूक मायी होती. एवढ्या शिकल्यासवरल्या लोकायत ते कोणालेच दिसलं नाही, तुले दिसलं."

"मले मालूम हाये," अंजना म्हणाली. "तुमी खेकसले, तवाच समजलं."

"मंग पुढं बोलली काहून नाही?"

"बोलले असते त तुमी सारे पानं फाडून टाकले असते." तिनं कमरेवर हात ठेवला. "अन् आणखीन एक साल मायी कंबर पुरली नसती."