करुणा खुर्चीत बसली तेव्हा

खुशबू रामटेके करुणा नंदनवारकडून पाच वेळा हरली होती. दोनदा भंडाऱ्याच्या जिल्हा कराटे स्पर्धेत, दोनदा नागपूरला आणि एकदा पुण्यात, भर राष्ट्रीय स्पर्धेत. सहाव्या वेळी खुशबू जिंकली. ती भारतीय संघाची निवड चाचणी होती, पंचावन्न किलोखालच्या गटात जागा एकच होती, आणि ती खुशबूला मिळाली. करुणा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. हात मिळवून ती मॅटवरून उतरली आणि त्यानंतर पुन्हा कधी स्वतः खेळायला चढली नाही.

तोवर खुशबू तिला करुणाताई म्हणायची. खुशबू लाखांदूरची, करुणा पवनीच्या विणकरांच्या घरातली. परगावच्या स्पर्धांना दोघी एकाच गाडीने जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. त्या चाचणीनंतर बोलणंच थांबलं. भांडण झालं नाही, पण फोनही झाला नाही. खुशबू चार देशांत खेळून आली, दोन कांस्यपदकं आणली. करुणाने कोचची परीक्षा दिली आणि पवनीतल्या शाळेच्या हॉलमध्ये मुलींना शिकवू लागली, एवढं खुशबूला कळलं होतं.

दोन वर्षांनी कझाकस्तानातल्या अल्माटीला आशियाई स्पर्धा होती. संघाच्या यादीत कुमार मुलींची कोच म्हणून करुणाचं नाव पाहिलं तेव्हा खुशबू जरा चपापली. आईला, रत्नमालाबाईंना, फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दोघी एकाच खोलीत नको राहा म्हणजे झालं."

खोल्या वेगळ्या होत्या. विमानातही दोघींच्या मध्ये नऊ रांगा होत्या.

खुशबूने पहिल्या तीन फाईट सहज मारल्या. तिचा खेळ त्या दिवशी असा काही लागला होता की वार्म-अपच्या जागेत दुसऱ्या देशांच्या मुली तिच्याकडे बोट दाखवून बोलत होत्या. उपांत्य फेरीला दहा मिनिटं उरली असताना संघाचे कोच धनंजय सर धावत आले.

"आपल्या संघातल्या कमलेशची फाईट त्याच वेळी तिकडच्या मॅटवर लागली. मी दोन्हीकडे नाही बसू शकत. तुझ्या कोचच्या खुर्चीत करुणा बसेल."

खुशबू काही बोलायच्या आत सर वळलेही होते. करुणा समोर उभी होती, गळ्यात कोचचं ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली.

"तुले चालन का?" करुणाने विचारलं.

"चालन."

करुणाने तिचे हातमोजे तपासले, पट्टा ओढून पाहिला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगतो. उजव्या पायानं डोक्यावर किक मारायच्या आधी तुहा डावा खांदा खाली पडते. बोटभरच पडते, पण पडते."

खुशबू तिच्याकडे पाहतच राहिली. "तुले कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या फाईटपासून. पाच वेळा कायच्या भरोशावर जिंकली मी? खांदा पडला का मी आत घुसून पंच मारत होती."

"आणि सहाव्या वेळी?"

"सहाव्या वेळी तुह्या पायाले पट्टी होती. तू किक मारलीच नाही. मी खांद्याची वाट पाहत राहिली अन् तू पंचावर पंच मारून गेली." करुणाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "आता ऐक. ही कझाकची पोरगी तुह्या सगळ्या फाईट पाहून आली असन. तिचा कोच सकाळपासून तुह्याच मॅटजवळ मोबाईल धरून उभा होता. खांदा पाडू नको."

नाव पुकारलं गेलं. खुशबू लाल पट्टा बांधून मॅटवर चढली.

खांदा पाडायचा नाही म्हटलं की माणसाला खांद्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. खुशबूचं अंग लाकडासारखं झालं. तिसाव्या सेकंदाला समोरचीने सरळ पंच मारून पहिला गुण घेतला. बरोबरी झाली तर पहिला गुण घेणारीच जिंकते, त्यामुळे खुशबूला आता पुढे जाणं भाग होतं. तिने पंच मारून एक गुण फेडला. मग पोटावर किक मारली, पण तिचे गुण पंचांनी दिले नाहीत. करुणाने क्षणाचाही विचार न करता व्हिडिओ तपासणीचं कार्ड वर केलं. पंचांनी पडद्यावर पाहिलं आणि माना हलवल्या. किक कोपराला लागली होती. कार्ड गेलं, आता पुन्हा तपासणी मागता येणार नव्हती. एका फाईटला एकच चूक माफ असते.

खुशबूने खुर्चीकडे रागाने पाहिलं. करुणाने नजर चुकवली नाही. "माहा अंदाज चुकला!" ती ओरडली. "तू खेळ!"

समोरचीने आणखी एक पंच मारला. दोन-एक. घड्याळात वीस सेकंद.

आणि तेव्हा खुशबूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पोरगी किक येण्याची वाटच पाहतेय. सगळी फाईटभर तिची नजर आपल्या खांद्यावर आहे. मग दाखवू या की तिला खांदा.

ती दोन पावलं सरकली आणि डावा खांदा चांगला हातभर खाली टाकला. समोरचीचा हात झटकन कानाजवळ गेला आणि ती आत घुसली. उजवा पाय जागचा हललाच नाही. डावा पाय तिच्या उघड्या पोटावर जाऊन असा बसला की आवाज वरच्या रांगेपर्यंत गेला. चारही कोपऱ्यांतले झेंडे उठले. किकचे दोन गुण. तीन-दोन.

"आठ सेकंद! मागं नको सरकू, समोर राय!" करुणा खुर्चीतून अर्धी उठली होती.

खुशबू समोर राहिली. घंटा वाजली.

मॅटवरून उतरताच करुणाने तिचा दंड धरला. "मी काय म्हटलं होतं? खांदा पाडू नको म्हटलं होतं ना?"

"म्हणून तं पाडला, करुणाताई."

ताई हा शब्द तोंडून कसा गेला, तिचं तिलाच कळलं नाही. करुणाने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

अंतिम फेरीत धनंजय सर मोकळे होते, तरी खुशबूने खुर्चीत करुणाच हवी म्हणून सांगितलं. जपानची मुलगी फार वेगवान निघाली. पाच-तीनने खुशबू हरली. पण त्या तीन गुणांसाठी तिने जपानच्या मुलीला सगळं मॅट फिरवलं होतं, आणि रुपेरी पदक गळ्यात घालताना तिची मान ताठ होती. त्या मुलीला हरवायला काय लागेल, ते खुशबूला आता दिसत होतं.

संध्याकाळी हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर दोघी केळी खात बसल्या.

"येत्या चाचणीले तू पण उतर," खुशबू म्हणाली. "सातवी फाईट राहिली आहे आपली."

"नाही." करुणाने सालं पिशवीत टाकली. "दोन वर्षं रोज मले ती चाचणी आठवत होती. आज खुर्चीत बसली तं एकदाही आठवली नाही. मले हेच करायचं आहे. जपानवाली डावीकडं वळताना उशीर करते, पाहिलं का?"

"पाहिलं. पण हात पोचत नव्हता."

"पोचवू. सोमवारी सकाळी सहाले पवनीत ये."

"सहाले? तेव्हा तं आमच्याकडून एसटी पण नाही निघत."

"मंग रविवारीच ये. आमच्या घरी झोप. माय वांग्याची भाजी करन."

रविवारी दुपारी खुशबू बॅग घेऊन पवनीच्या बसमध्ये चढली. त्यानंतर वर्षभर तिचा एकही रविवार चुकला नाही. पुढच्या आशियाई स्पर्धेचा संघ जाहीर झाला तेव्हा महिला संघाच्या कोचच्या रकान्यात करुणा नंदनवार हे नाव छापलेलं होतं, आणि विमानात दोघींनी शेजारशेजारच्या जागा मागून घेतल्या.