लाल टाक्याचे कपडे

लॉन्ड्रीत लाल दोऱ्याचा अर्थ एकच. आजाऱ्याचा कपडा, भट्टी वेगळी. कॉलरच्या आत लाल टाका दिसला की तो कपडा दुसऱ्या कुठल्याही ढिगात जायचा नाही. हा नियम सासूबाईंचा, आणि त्यांच्यापुढे गिऱ्हाइकाची काय, पोटच्या मुलाचीही मात्रा चालत नसे.

तर त्या दिवशी धाकट्या सुनेला दोरीवर वाळणाऱ्या स्वतःच्या गाऊनला लाल टाका दिसला. टॉवेललाही. उशीच्या अभ्र्यालाही. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आठवड्यापूर्वी गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत तिला एचपीव्ही नावाचा विषाणू निघाला होता आणि तिने तो घरात सांगितला होता. सांगितला हेच चुकलं म्हणायचं!

कपड्यांचं काही नाही हो. उकळा नाहीतर जाळा. पण बारा वर्षांची लेक, अजून आईच्या कुशीत शिरल्याशिवाय डोळा न मिटणारी, काल आजीच्या खोलीत झोपली होती. आईचा आजार लागतो म्हणे, आजीने सांगितलं होतं. धाकटीच्या काळजात चर्र झालं आणि मग असा संताप आला की विचारू नका.

ती तडक इस्त्रीच्या टेबलाशी गेली.

"माझ्या कपड्यांना लाल टाका कुणी घातला?"

"मी," सासूबाईंची इस्त्री थांबली नाही. "घरात पोर आहे. काळजी नको घ्यायला?"

"हा रोग कपड्यातून लागत नाही. कपातून नाही, कुशीत झोपून नाही."

"मग कशातून लागतो?"

घड्या घालणाऱ्या नवऱ्याने मान आणखी खाली घातली.

"नवराबायको जवळ येतात, त्यातून. कातडीला कातडी लागून."

"अगं बाई! हळू बोल की!"

"का हळू? मी काय चोरी केलीय?"

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "मग तू कुठून आणलास?"

आलाच शेवटी तो प्रश्न. आठवडाभर नवराबायको हाच प्रश्न डोळ्यांनी एकमेकांना विचारत होते.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते कुणालाच सांगता यायचं नाही. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतो. लग्नाच्या आधीचा असेल, नंतरचा असेल, त्याचा असेल, माझा असेल. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो, पत्ताही लागत नाही. माझा रेंगाळलाय, म्हणून मला वेळच्या वेळी तपासून घ्यायचंय. बस."

"ते काही असो. टाका राहणार."

"राहू दे," धाकटी म्हणाली, इतक्या गोड आवाजात की नवरा दचकला.

दुपारी दुकान बंद झालं तशी तिने लाल रीळ घेतलं आणि कपाट उघडलं. घरातल्या मोठ्यांच्या एकेका कपड्याला सपासप टाके घातले. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याने थोडा वेळ पाहिलं आणि अंगातला सदरा काढून तिच्यापुढे धरला. तिचे डोळे भरून आले, पण सुई थांबली नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी कपाटातून आपला गाऊन काढला आणि किंचाळल्या, "माझ्या कपड्याला लाल टाका? या वयात?"

"बहुतेकांना होऊन गेलेला असतो, सासूबाई. तुम्हाला चार पोरं झाली, ती काय इस्त्री करून झाली?"

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, आणि मग, काय सांगावं, ओठाच्या कोपऱ्यात हसू आलंच. त्यांनी ते गिळायचा फार प्रयत्न केला.

लेकीने आपला फ्रॉक उलटापालटा करून पाहिला. "माझ्यालाच का नाही?"

"तुला उद्या याच रोगाची लस टोचायला नेणार आहे, म्हणून. तुझ्यावर या टाक्याची वेळच यायला नको."

"दुखेल?"

"दुखेल थोडं."

"दुकान मी उघडते," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दोघंही जा तिच्याबरोबर."

लेक आजीच्या खोलीत गेली आणि आपली उशी काखेत मारून परत आली. आजीच्या समोरून, अगदी हळूहळू चालत. आईच्या लाल टाक्याच्या उशीला तिने आपली उशी चिकटवून ठेवली आणि आजीकडे बघत उभी राहिली.

"बघतेस काय," सासूबाई म्हणाल्या, "झोप तुझ्या आईजवळ."