ताईच्या खोलीतली राणी

नाद वाईटच. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला कबुतरांचा. या चष्मेवाल्याला मुंग्यांचा होता. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि पाऊस उघडला की भिंग घेऊन फुटपाथच्या कडेने वाकून चालायचं. अशा दमट हवेत राण्या उडतात, जमिनीवर उतरून पंख टाकतात आणि बिळासाठी एकट्याच जागा शोधत फिरतात. तेवढ्यात त्यांना उचलायचं. बायको म्हणायची, "लोक रस्त्यात पडलेले पैसे शोधतात, आमचे मुंगीमहाराज सुना शोधतात!"

उचललेली राणी काचेच्या नळीत जायची. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, आणि तोंडाशी दुसरा बोळा. पुढे फक्त अंधार, ऊब आणि शांतता. हात लावायचा नाही, डोकवायचंही नाही, हा या नादाचा पहिला नियम. नळी हलली की राणी बिथरते आणि स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. यंदाची राणी तांबडी होती, डसणाऱ्या जातीची. ती त्याने मागच्या खोलीतल्या कपाटाच्या तळखणात ठेवली. भिंतीपलीकडे गिझर होता, त्यामुळे तो खण कायम कोमट असायचा.

आणि मग ताई आली. कायमची राहायला आली. भाऊजी गेल्यापासून ती एकटी पडली होती, आणि "चल माझ्याकडे" म्हणून यानेच तिच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. आई लवकर गेलेली; याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते ताईने. बायकोने तिला मागची खोली दिली.

आता ऐका. लहानपणी ताईला एकदा अशीच तांबडी मुंगी डसली होती. ओठ टम्म सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. हा तेव्हा तिच्या उशाशी रडत बसला होता. पुन्हा डसली तर वेळ मिळेलच असं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तेव्हापासून औषधाची सुई तिच्या पर्समधून हलली नाही. म्हणजे ती यायच्या आधीच नळी घराबाहेर जायला हवी होती. शेंबडं पोरही सांगेल! पण याचा जीव राणीत अडकलेला. पहिली पिल्लं आता बाहेर पडत असतील, हलवली तर मुसळ केरात. बोळा घट्ट आहे, राहू दे अजून थोडे दिवस. बायकोला त्याने नळी दुकानात नेल्याचं ठोकून दिलं होतं.

सुट्टीच्या दुपारी ताई जेवून आडवी झाली. याला राहवेना. चोरपावलांनी तो आत गेला आणि खण उघडला.

कापसाला आरपार भोक पडलं होतं. नळीत कुणीच नव्हतं.

गुडघ्यांवर बसून त्याने फरशी न्याहाळली. मोजक्याच मुंग्या होत्या, पण रस्ता ठरलेला होता: कपाटाखालून पलंगाच्या पायाशी, पायावरून चादरीवर, चादरीवरून उशीच्या अभ्र्यात. पथ्य असूनही ताई उशीखाली बिस्किटं लपवायची. आणि तिचा गाल त्याच उशीवर होता.

ओरडावं तर ती दचकून कूस बदलणार. गप्प राहावं तर मुंगी कधी डसेल याचा नेम नाही. त्याने दारातून बायकोला खूण केली. तिने उशी पाहिली, रिकामी नळी पाहिली, नवऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि ताईच्या पर्समधली सुई काढून उभी राहिली.

"ताई, डोळे उघड. पण हलू नकोस."

"काय रे धाकट्या? माझी बिस्किटं सापडली वाटतं?"

"हलू नकोस गं, तुझ्या पाया पडतो."

त्याने तिचा गाल आणि उशी यांच्यामध्ये तळवा सरकवला. पहिला डंख बसला, मग दुसरा. हूं की चूं न करता त्याने तिचं डोकं अलगद उचललं, "ऊठ, सरळ बाहेर चल," म्हणाला आणि भिंतीला टेकला.

बाहेर बायकोने ताईचे केस मोकळे करून पाहिले, मान पाहिली, कपडे बदलायला लावले. कुठेच डंख नव्हता. तेव्हा हा घोड्याएवढा झालेला माणूस हमसून हमसून रडला.

मग खोली रिकामी केली. गादी उन्हात टाकली, कपाट ओढलं. उशीतल्या मुंग्या सापडल्या. राणी मात्र सापडली नाही. कपाटामागे भिंतीला भेगा होत्या आणि गिझरने ती भिंत छान कोमट होती.

ताई पुढच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पर्स मांडीवर होती. बायकोने तिला सगळं सांगितलं होतं.

"राणी नाही ना सापडली?"

"सापडेल ताई. औषध मारतो, भेगा बुजवतो."

"किती जगते रे ती?"

हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! थाप जिभेवर आली, पण ताईपुढे त्याची थाप कधी पचली नव्हती.

"बरीच वर्षं," तो म्हणाला. "ऊब मिळाली तर फारच."

ताई कसनुसं हसली. "मग तिलाच राहू दे. मी जाते माझ्या घरी."

"अहो ताई, असं काय..." म्हणत बायको पुढे आली आणि थांबली. "राहा" म्हणायला त्याचंही तोंड उघडलं. पण ती खरंच राहिली तर? सुजलेल्या हाताने त्याने तिची बॅग ओढली आणि तिचा एकेक कपडा झटकून, उजेडाला धरून, शिवणीशिवणीत पाहून आत भरायला लागला.