गेलेल्यांची इंजिने

चाळीसेक माणसे अर्धा तास गप्प बसली होती, आणि ही माणसे गप्प बसणाऱ्यांतली नव्हेत. दर रविवारी सकाळी ती गावाबाहेरच्या माळावर हातभर लांबीची विमाने घेऊन येतात, मुठीत मावणाऱ्या इंजिनांच्या इंधनाच्या सुया पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवतात, आणि कोणाच्या इंजिनाला इंधन जास्त जाते, कोणाचे उपाशी चालते यावरून दुपारपर्यंत भांडतात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारे हे लोक आहेत. त्या रविवारी मात्र माळावर एकही पंखा फिरत नव्हता.

पत्र्याच्या शेडखाली टेबलावर एक काळी लाकडी पेटी होती. पेटीमागे, सगळे ज्यांना गुरुजी म्हणत ते गृहस्थ डोळे मिटून बसले होते. पेटीत मंडळींतल्या एका घड्याळवाल्याच्या वडिलांचे इंजिन होते. वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. इंजिन केव्हा तरी असे आवळले गेले होते की पान्यालाही दाद देत नव्हते.

"यंत्र अडत नसतं," गुरुजी डोळे न उघडता म्हणाले. "माणूस अडतो. धनी जातो तेव्हा त्याचा शेवटचा श्वास सिलिंडरमध्ये राहतो. विज्ञानालाही हे मान्य आहे. स्पंदन म्हणतात त्याला."

कोणत्या विज्ञानाला, असे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती.

अर्ध्या तासाने त्यांनी झाकण उघडले, पांढऱ्या रुमालात धरून इंजिन बाहेर काढले आणि त्याच्या लाकडी पंख्याचे टोक घड्याळवाल्यापुढे केले. "फिरव."

त्याने फिरवले. पंखा फिरला.

"वडील म्हणतायत, राग नाही."

"कशाचा राग?"

"ते तुला माहीत आहे."

ज्याला ते माहीत नसते असा मुलगा अजून जन्माला यायचा आहे. घड्याळवाला रडू लागला. मग इंजिन स्टँडवर चढवले, इंधन भरले, प्लगला बॅटरी लावली, आणि दुसऱ्याच झटक्याला ते किंचाळत सुरू झाले. निळसर धूर पसरला. लोकांनी हात जोडले. माझ्या शेजारी उभे असलेले माझे भाऊजी हळूच म्हणाले, "आता बोला."

असल्या चमत्कारांवर मी आयुष्यभर इतके वाचले आहे, आणि त्यातले इतके थोडे कोणाच्या उपयोगी पडले आहे, की बोलण्याआधीच थकवा येतो. मला उत्सुकता गुरुजींची नव्हती. मी आलो होतो ते माझ्या मोठ्या बहिणीसाठी.

ताईला सात वर्षांपासून संधिवात आहे. आपलेच रक्त आपल्याच सांध्यांवर उठते, तो प्रकार. आठवड्याला एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, एवढ्यावर तिचा आजार दबलेला होता. ती शिवणकाम करी आणि मला फोनवर लांबलचक मजकूर पाठवी. गेल्या काही आठवड्यांत मजकूर थांबले. त्यांच्या जागी तिचा आवाज येऊ लागला, कधी अर्धा मिनिट, कधी पाव. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी गाडी पकडून आलो. दार उघडताना तिने कडी बोटांनी नव्हे, मनगटाने सरकवली, तेव्हा मला जे कळायचे ते कळले.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

"आधी आत तर ये," ती म्हणाली. "आल्या आल्या वकिली नको. पाच महिने."

भाऊजी मागच्या खोलीत त्यांच्या टेबलाशी होते. छत्तीस वर्षे लेथवर काढलेला माणूस. त्याच्या बोटांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो. टेबलावर नटबोल्टचे पाने मापाप्रमाणे ओळीने लावलेले होते.

"पाच महिने गोळी बंद, आणि तुम्ही बघत बसलात?"

"तुम्ही पुस्तकातली माणसं," ते शांतपणे म्हणाले. "मला एक सांगा. जाम इंजिनाला पाना लावून जोर केला तर काय होतं?"

"तुम्हीच सांगा."

"कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन कायमचं जातं. गुरुजी म्हणाले, गोळी म्हणजे पाना. बाहेरून केलेला जोर. सांधा आतून मोकळा व्हायला हवा. मी हे त्या माणसाच्या शब्दावर नाही घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याने नऊ इंजिनं सोडवलीत. जी माझ्याच्याने सुटली नाहीत, ती."

त्यांच्या बोलण्याचा पूर्वार्ध शंभर टक्के खरा होता, हे मला मान्य करावे लागले. खोटे स्वतःच्या पायांनी कधीच गावात शिरत नाही. ते खऱ्याच्या खांद्यावर बसून येते. अडाण्याला फसवायला भुताची गोष्ट पुरते. कारागिराला फसवायचे तर त्याच्याच कारागिरीची भाषा बोलावी लागते, आणि या गृहस्थाने ती शिकण्याचे कष्ट घेतले होते.

"आणि हिला बरं वाटतं," भाऊजी म्हणाले. "विचारा तिलाच."

"वाटतं," ताई दारातून म्हणाली. "त्या पेटीवर हात ठेवून बसले ना, की तासभर बोटं वळतात. खोटं कशाला बोलू."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी तिच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांकडे पाहत होतो. ती तळव्याच्या बाहेरच्या बाजूला झुकली होती. मागच्या वर्षी सरळ होती.

त्या रविवारी रात्री, माळावरून आल्यावर, आम्ही जेवलो. भाऊजी उठून गेल्यावर ताई तवा घासायला बसली. घासणी तिला धरवत नव्हती, म्हणून तिने ती मुठीत खुपसली होती.

"दे इकडे."

"राहू दे. तुला नाही जमायचं. जळलेलं तेल गार तव्यावरून निघत नाही रे, नख तुटेल. आधी तवा तापवावा लागतो." तिने तवा पुन्हा गॅसवर चढवला. मग सहज, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे म्हणाली, "त्यांच्या पेटीलाही असाच वास येतो."

"कसला?"

"तापलेल्या जुन्या तेलाचा. आणि पेटी कोमट असते. म्हणून तर हातांना बरं वाटतं. गरम पाण्याच्या पिशवीने वाटतं तसंच."

"हे तू कोणाला बोलली नाहीस?"

"मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. एवढी चाळीस माणसं, सगळी यंत्रातली. मी काय सांगणार त्यांना."

एवढ्या वर्षांच्या वाचनाला जे दिसले नाही ते तिला दिसले होते, आणि ते सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तिला वाटले नव्हते. या दोन गोष्टींपैकी जास्त चीड कोणत्या गोष्टीची यावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी भाऊजींना हाक मारली. त्यांच्याकडे त्यांच्या उस्तादांचे इंजिन होते. ज्या म्हाताऱ्याने त्यांना लेथ शिकवला आणि हा छंदही लावला, त्याचे. त्याला जाऊन आठ वर्षे झाली होती. इंजिन तसेच जाम होते, आणि येत्या रविवारी गुरुजींच्या पेटीत जायचे होते.

"उस्ताद इंधनात कोणतं तेल घालायचे?" मी विचारले.

"एरंडेल. त्या काळात सगळे तेच घालायचे. आता कोण घालतो? आता तयार तेल येतं."

"आणि माळावरून आल्यावर ते काय करायचे?"

भाऊजींना माझा रोख कळेना. "धुवायचे. दर रविवारी, न चुकता. इंधनाने धुवून, वरून पातळ तेल सोडून..." ते थांबले.

"आणि गेल्यावर?"

गेल्यावर कोण धुणार? साऱ्या चमत्काराचे मूळ एवढेच होते. एरंडेल इंजिनात राहिले की काही वर्षांत त्याचा चिकट, कडक थर होतो, जुन्या वार्निशासारखा. गेलेल्या माणसाचे इंजिन त्याच्या दुःखाने आवळले जात नाही. त्याच्यामागे ते कोणी धुतले नाही म्हणून आवळले जाते. जुन्यांना हे कधी कळले नाही, कारण त्यांनी इंजिन तसे राहूच दिले नाही. नव्यांना कळले नाही, कारण त्यांनी एरंडेल वापरलेच नाही. त्या दोन पिढ्यांमधल्या फटीत गुरुजींनी आपले दुकान मांडले होते.

ताईने इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये बसवली आणि तिच्या तापलेल्या पत्र्यावर उस्तादांचे इंजिन ठेवले. भाऊजी म्हणाले, "नको. गुरुजींकडे नंबर लावलाय." पण अडवायला त्यांनी हात पुढे केला नाही. पंचवीस मिनिटे आम्ही तिघे त्या इंजिनाकडे बघत बसलो. मग वास आला, तव्याचा.

"फिरवा," ताई म्हणाली.

भाऊजींनी एका बोटाने पंख्याला ढकलले. तो आधी जडपणे हलला, मग सुटला.

भाऊजी मला वाटले होते त्यापेक्षा वेगळेच बोलले. "म्हणजे उस्ताद मला रविवारी काही सांगणार नव्हते."

"नाही, भाऊजी."

"मी ऐकायचं ठरवून ठेवलं होतं."

ते इंजिन त्यांनी पूर्ण थंड होऊ दिले. गार झाल्यावर ते पुन्हा आवळले, हेही त्यांनी तपासले. रविवारी तेच घेऊन ते माळावर गेले. आधीच सांगून टाका, असे मी सुचवले होते. ते म्हणाले, "सांगून कोणाला पटतं? माझंच बघा."

इंजिन पेटीत गेले. अर्धा तास शांतता झाली. ताई पुढच्या खुर्चीवर होती, हात मांडीत. गुरुजींनी झाकण उघडले, रुमालाने इंजिन उचलले, पंख्याचे टोक पुढे केले. "फिरव."

या लोकांत एक शिस्त आहे, आणि ती कोणी शिकवावी लागत नाही. प्रत्येकाने पहिल्याच महिन्यात बोटे भाजून घेतलेली असतात. त्यानंतर इंजिनाच्या डोक्याला उघडा हात कोणी लावत नाही. पंख्याला धरतात, बुडाच्या पट्टीला धरतात. ती शिस्त गुरुजींना पक्की ठाऊक होती, त्यांचा सारा धंदा तिच्यावर उभा होता. पंखा फिरला की लगेच इंजिन स्टँडवर चढत असे आणि पेट घेत असे. मग ते गरम का, असे कोण विचारणार?

भाऊजींनी पंख्याला हात लावला नाही. त्यांनी इंजिनाचे डोके मुठीत घेतले आणि धरून ठेवले. चेहरा पांढरा पडला, मूठ सुटली नाही.

"अहो, सोडा ते," ताई म्हणाली.

"सोडतो." ते लोकांकडे वळले. "हे आठ वर्षांत सुरू झालेलं नाही. अजून इंधनाचा थेंब गेलेला नाही यात. मग हे तापलं कशाने?"

इंजिन त्यांनी टेबलावर ठेवले. तळव्यावर सिलिंडरच्या पात्यांच्या लाल रेघा उमटल्या होत्या. घड्याळवाल्याने पुढे होऊन एका बोटाने इंजिनाला स्पर्श केला आणि बोट चटकन मागे घेतले. मी पेटी उलटी केली. बाजूंना नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर, तळाशी लोखंडी पत्रा, पत्र्याखाली दुसरा तळ, आणि त्या तळात घरून तापवून आणलेली भट्टीची वीट.

गुरुजी जराही गडबडले नाहीत. "उष्णता ही ऊर्जाच आहे. मी कधी नाही म्हणालो?"

मागून कोणी तरी म्हणाले, "तेही बरोबर आहे म्हणा."

हे वाक्य ऐकले तेव्हा आलेला थकवा अजून उतरलेला नाही. काही जण पेटीभोवती जमले, काही खाली बघत आपापली विमाने उचलू लागले. गुरुजींनी रुमालाची घडी घातली आणि ते चालते झाले. त्यांना कोणी अडवले नाही. घड्याळवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाकीच्यांचं असेल वीटबीट. माझ्या वडिलांचं खरं होतं." मी वाद घातला नाही. त्याच्या त्या समजुतीने कोणाचे औषध थांबले नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ताईच्या हातांची क्ष-किरण छायाचित्रे दिव्यासमोर धरली. गोळी पुन्हा सुरू होईल, सूज उतरेल, दुखणे आटोक्यात येईल. ती दोन बोटे मात्र सरळ होणार नाहीत. सांध्याचे हाड झिजले की झिजले. "उबेने बरं वाटतं ते खरंच वाटतं," त्या म्हणाल्या. "सांधा सैल होतो. पण आजार रक्तात आहे. ऊब तिथवर जात नाही."

लबाड पकडला गेला म्हणजे गोष्ट संपली, असे मानायची आपल्याला सवय आहे. विटेचा हिशेब लागला. बोटांचा कोण देणार? ही चाळीस माणसे मूर्ख नव्हती. इंजिन बिघडले की ती आधी प्लग बघतात, मग इंधन, मग सुई. एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि कान देऊन ऐकतात. विवेक म्हणतात तो हाच, याहून मोठा कोणताही नाही. माझी मागणी साधी आहे. दोन बोटांएवढ्या यंत्राला जो न्याय लावता, तो घरातल्या माणसाच्या शरीरालाही लावा. कोणी तुमच्याच धंद्याच्या भाषेत औषध बंद करायला सांगितले, तर आधी विचारा की दाखला इंजिनाचा आहे की माणसाचा. आणि ज्या वस्तूला हात लावायची सवय नाही, तिलाच आधी हात लावून बघा. भाजेल, पण कळेल.

गोळी सोमवारची ठरली. पाकिटातून ती दाबून काढायला ताईच्या अंगठ्यात जोर उरलेला नाही, म्हणून पट्टी बांधलेल्या हाताने भाऊजी ती काढून देतात. पहिल्या सोमवारी गोळी त्यांच्या हातून निसटली आणि टेबलाखाली गेली. दोघे वाकले, दोघांनाही उचलता येईना.

"आता गुरुजींना बोलवायचं का?" ताई म्हणाली.

भाऊजी हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले, डाव्या हाताने गोळी शोधली, तिच्या तळव्यावर ठेवली, आणि तिने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत तिथेच बसून राहिले.