आईने टाकलेलं खोकं

माझा भाऊ रसेल सैन्यात गेला आणि आईने त्याची खोली आवरायला काढली. पलंगाखाली बुटांचं खोकं होतं, आत बेसबॉल खेळाडूंची कार्डं. च्युइंगमसोबत मिळणारी आणि पोरं सायकलच्या तारांत अडकवून फडफडवायची, तीच. आईने खोकं कचऱ्याच्या गाडीत दिलं. आमच्या ॲक्रन शहरातल्या निम्म्या आयांनी तेच केलं होतं.

पुढे त्या कार्डांना सोन्याचा भाव आला आणि रसेलला आईला मारायला जन्माचा टोमणा मिळाला. "तू माझं घर कचऱ्यात टाकलंस," असं तो दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना आईला ऐकवायचा. आई मान खाली घालून बटाटे वाढायची. माझं डोकं फिरायचं. पण माझं दुकान याच जुन्या कार्डांचं, त्यामुळे मी तोंड उघडलं की तो म्हणायचा, "तू गप्प बस, तुझं पोट त्यावरच चालतं."

एकोणनव्वद साली त्याने स्वतःच नव्या कार्डांची खोकी घेतली आणि सील न तोडता तळघरात रचली. म्हातारपणी ती विकून तळ्याकाठी घर घ्यायचं, हे त्याचं ठरलेलं. गेल्या शनिवारी ती ट्रकमध्ये भरून, शेजारी आईला बसवून, तो माझ्या दुकानात आला.

"बोल, काय देतेस?"

"काही नाही. घरी घेऊन जा."

"चेष्टा पुरे. एकाचंही सील तुटलेलं नाही."

"कुणाचंच तुटलेलं नाही, रसेल. त्या वर्षी तुझ्यासारख्या सगळ्या शहाण्यांनी हेच केलं. कंपन्यांनी ढिगाने छापली, तुम्ही जिवापाड जपली. आता घेतल्या भावातही कुणी हात लावत नाही."

त्याचा चेहरा पडला. काचेखालच्या एका कार्डाकडे त्याने बोट केलं. कोपरे झिजलेले, मधोमध घडी. "मग या फाटक्याला माझ्या ट्रकएवढी किंमत कशी?"

"कारण बाकीची आयांनी टाकून दिली. सगळ्यांनी जपली असती, तर तुझं ते बुटांचं खोकंही आज रद्दीच असतं." इतकी वर्षं हे मला टर्कीच्या ताटावर म्हणायचं होतं.

स्टुलावर बसलेल्या आईने मान वर केली. "म्हणजे मी कुणाचं तरी भलं केलं?"

"माझं केलंस," मी म्हटलं. "हे दुकान तुझ्यासारख्या आयांमुळेच उभं आहे."

रसेल बाहेर गेला. मला वाटलं, आता हा घुश्शात ट्रक घेऊन निघून जाणार. पण तो एक सीलबंद खोकं घेऊन आत आला आणि त्याने ते अलगद आईच्या मांडीवर ठेवलं.

"हे तूच टाक, आई," तो म्हणाला. "तुझ्या हाताला यश आहे."