फळ्यावरचा भाव

मेहकरच्या त्या बँकेत लक्ष्मीकांतराव हेडक्लार्क होते. रोज सकाळी मुंबईची तार फोडून कापसाचा भाव दाराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, हे त्यांचं काम. त्याच बँकेत नऊ वर्षं पोटाला चिमटा घेऊन त्यांनी चारशे रुपये साठवले होते. थोरली शरयू अमरावतीला मास्तरणीच्या शिक्षणाला जायची होती, आणि तिचं सगळं या चारशेवर अडलं होतं.

त्या साली कापूस गडगडला. खंडीला दोनशे ऐंशीचा एकशे साठवर आला. मॅनेजर भालचंद्रपंतांनी भावाचा कागद आणि थकबाकीचा कागद शेजारी शेजारी ठेवले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फळ्यावर भाव उतरला की हप्ते थकतात. म्हणजे दोष फळ्याचा. पंत बी.ए. होते, तेव्हा त्यांना कोण सांगणार?

“उद्यापासून दोनशे ऐंशीच लिहा,” पंत म्हणाले. “लोकांचा धीर सुटता कामा नये.”

लक्ष्मीकांतरावांनी मान डोलावली. नोकरीत मान फार मऊ होते. खरी तार खिशात जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी कडूबा नावाचा कर्जदार कापसाची गाडी घेऊन दारात उभा.

“फळ्यावरच्या भावानं हप्त्यात जमा करा, साहेब.”

“बँक कापूस घेत नसते,” पंत म्हणाले.

“मंग भाव काऊन लिवता? खोटा हाय काय?”

खोटा आहे म्हणायची पंतांची छाती होईना. कापूस मोजून घेतला. मग काय, पार धाड गावापासून गाड्यांची रीघ लागली. तिजोरीची खोली भरली, कॅशियरचा पिंजरा भरला, पंत कापसाच्या बोजावर बसून सह्या करू लागले. हा कापूस विकून का टाकत नाही, असं लक्ष्मीकांतरावांनी एकदा भीतभीत विचारलं.

“विकला तर तोटा होईल,” पंत म्हणाले. “न विकलेल्या मालाला तोटा नसतो.”

नागपूरहून तपासनीस आले. शिंकत शिंकत त्यांनी वह्या चाळल्या. थकबाकी शून्य. सगळ्या वऱ्हाडात अशी वसुली नाही, असा शेरा लिहून ते कोट झटकत निघून गेले, आणि पंतांनी पेढे वाटले.

दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकांतराव स्वतःचे चारशे रुपये मागायला गेले. शरयूची फी गुरुवारपर्यंत भरायची होती.

“रोकड कुठली?” पंत प्रेमानं म्हणाले. “कापूस न्या. फळ्यावरच्या भावानं.”

“पण पंत, तो भाव मीच…”

“म्हणून तर तुमचा त्यावर सर्वांत जास्त विश्वास हवा.”

दीड खंडीहून थोडा कमी कापूस गाडीत घालून लक्ष्मीकांतराव घरी आले. त्यांना रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. शरयू ओसरीवर ट्रंक भरत होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बाबा, बाजारात खरा भाव काय आहे हो?”

“एकशे साठ,” ते म्हणाले.

हिशेबात पोरगी बापावर गेली होती. तिला फार वेळ लागला नाही. ती खाली बसली आणि ट्रंकेतली लुगडी एकेक करून परत बाहेर काढू लागली.