शंखावरची गुलाबी लव

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही तांदळाच्या कणीएवढे आहात. तुम्हाला तोंड आहे, तोंडाभोवती बारीक हात आहेत, पण पाय नाहीत. पाय हवेत कशाला? तुम्ही एका शंखाला चिकटलेले आहात आणि शंखातला खेकडा तुम्हाला फुकटात फिरवून आणतो. शेजारी शेकडो भावंडं. कुणी खातं, कुणी डंख मारून राखण करतं, कुणी पिल्लं घडवतं. एकानं घास घेतला की पोट सगळ्यांचं भरतं, कारण बुडाशी सगळी एकमेकांना जोडलेली.

भिंगरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिची मावशी समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेत होती. सुटीत भिंगरी तिथे टाक्या धुणाऱ्या काकांबरोबर दगडांवरचं शेवाळ घासायची.

"हिच्या हाताखालून डाग जिवंत सुटायचा नाही," काका म्हणायचे, आणि भिंगरी अभिमानानं फुगायची.

म्हणून काका जेवायला गेले तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या टाकीतला खेकडा शंखासकट उचलला. शंखावर बुरशीसारखी गुलाबी लव होती. दात घासायच्या जुन्या ब्रशानं तिनं तो शंख लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी मावशी भिंग घेऊन त्या टाकीपाशी खिळून उभी राहिली.

"काका, चार वर्षं वाढवली होती हो शंखावरच्या जीवांची ही वसाहत. गेली कशी?"

काका खाली बघत म्हणाले, "माझंच चुकलं असणार, ताई. काल पाणी बदललं, मीठ कमी पडलं असेल."

"तुमच्या हातून? कधी पडलंय?"

"डोळे दगा देतात आता. उद्यापासून पाण्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या. मी आपला टाक्या धुईन." त्यांनी खारेपणा मोजायची काचेची नळी खिशातून काढून मावशीच्या टेबलावर ठेवली.

बादलीमागे बसून ऐकणाऱ्या भिंगरीचे कान तापले. सांगू, आत्ता सांगू, असं म्हणता म्हणता दुपार झाली.

काकांनी रोजच्यासारखं संत्रं सोललं आणि अर्धं तिच्यापुढे ठेवलं. "खा गं. आज गप्प का? मांजरीनं जीभ नेली?"

तिनं हातातली फोड तशीच खाली ठेवली. ती उठली, मोरीतून ब्रश आणला आणि मावशीच्या टेबलावर ठेवला. ब्रशाच्या केसांत अजून गुलाबी कण अडकले होते.

"मीठ बरोबर होतं," ती म्हणाली. "मी घासलं. मला घाण वाटली."

मावशीनं ब्रश उचलून ते कण पाहिले. मग तिनं शंखाच्या तोंडाच्या आतल्या कडेला भिंग लावलं. ब्रश न पोचलेली नखाएवढी पट्टी तिथे शिल्लक होती.

"एवढ्यातूनही पुन्हा पसरते," ती म्हणाली. "पण जगेलच असं नाही."

भिंगरीची मान वर होईना. तिनं टेबलावरची काचेची नळी दोन्ही हातांनी उचलली आणि काकांच्या खिशात परत ठेवली.